जुन्या जीन्सची बॅग: शहापूरच्या अक्कांची शिलाई कशी आहे

आधी निकाल सांगून टाकते. बेळगावच्या शहापुरातल्या एक अक्का जुन्या जीन्सच्या हँडबॅगा शिवून देतात. त्यांनी शिवलेली बॅग मी गेल्या दिवाळीपासून रोज वापरतेय आणि दुसरी शिवायची झाली तर त्यांच्याकडेच जाणार. मात्र पावसाळ्यात ही बॅग घरी खुंटीवर असते. आणि घरात पडलेल्या पँटची फुकटात बॅग होईल या हिशेबाने कुणी जाणार असेल, तर ती पँट बोहारणीला देऊन एखादं पातेलं घ्यावं. तो व्यवहार बरा पडेल.

अक्कांचं नाव आणि गल्ली लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय. "लिवा काय लिवायचं ते, नाव घालू नका बाई. जूनला शाळेचे युनिफॉर्म, श्रावणात ब्लाउज, मग गणपती. ह्या पिशव्या कवा शिवू?" नाथ पै चौकातून चालत जाण्यासारखं घर आहे, पुढच्या सोप्यात दोन मशीन आहेत, दारावर पाटी नाही. शहापूर-वडगावच्या बायकांना एवढ्यावरून कळेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही, पण काम कसं असावं हे कळलं तर आपापल्या गल्लीतल्या शिंप्याकडून करून घेता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अक्कांचं माहेर बळ्ळारीचं. तिथे जीन्स शिवणारी युनिटं पुष्कळ, लग्नाआधी त्या अशाच एका युनिटमध्ये मशीनवर होत्या. सासर शहापूरच्या विणकरांचं, सासऱ्यांचे माग होते. म्हणजे कापड होताना बघितलेलं आणि त्याची पँट होताना हाताखालून गेलेली. हे त्यांनी एका दमात सांगितलं नाही, टीप मारता मारता अधूनमधून निघालं. पण पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या पिशवीतली पँट ज्या तऱ्हेने हातात घेतली, त्यावरूनच वाटलं होतं की ही बाई नुसती शिवणारी नव्हे.

मी तीन पँटी नेल्या होत्या. एक मुलाची, तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मागे ठेवून गेलेली. एक ह्यांची, कमरेला होत नाही म्हणून ट्रंकेत गेलेली. आणि एक भाचीची, जवळपास नवीन, रंगाने सगळ्यात सुरेख. माझा जीव त्या भाचीच्या पँटवर. अक्कांनी तीच आधी उचलली, दोन्ही हातांनी आडवी ओढली, सोडली, आणि बाजूला टाकली.

"ही ताणूलालीय बघा. डबा घातला की पोट सुटतंय हिचं."

हल्लीच्या बहुतेक लेडीज जीन्समध्ये, आणि जेंट्समध्येही बऱ्याच, लायक्रा असतो. तो सहसा आडव्या धाग्यात असतो, म्हणून पँट रुंदीला ताणते, उंचीला नाही. अंगावर हे सुखाचं, पण बॅगेत वजन पडलं की तळ खाली ओघळतो आणि तोंड वाकडं होतं. शिवाय शिवताना मशीनचा पाय कापड वरून दाबतो आणि खालचे दाते ते सरकवतात तेव्हा ताणणाऱ्या कापडाला लाटा येतात, चेन बसवलेली तर सापासारखी वळवळते. ह्यांची पँट पसंत पडली, मुलाची "बघूया" मध्ये गेली. माझं तोंड पडलेलं बघून अक्कांनी ह्यांच्या पँटचा पायाचा काठ उलटा करून दाखवला. वरून निळी, आतून पांढरट. उभा ताणा निळीत रंगवलेला, आडवा बाणा पांढरा, आणि विणताना ताणा तीन बाण्यांवरून जाऊन एकाखाली जातो, म्हणून वरच्या अंगाला निळाच दिसतो. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. वरचं घासलं की आतला पांढरा उघडा पडतो, म्हणून जीन्स गुडघ्यावर आणि मांडीवर विटते. हे सगळं मी पाचवीच्या मुलांना सांगितलं असतं तर तासभर गेला असता, अक्कांनी ओढणीच्या टोकाने हात पुसता पुसता आटपलं.

त्यात कामाची गोष्ट अशी की ताणा पायाच्या लांबीत असतो. बॅगेचे बंद कापायचे ते पायाच्या लांबीत, म्हणजे ओढ ताण्यावर येते आणि बंद लांब होत नाहीत. रुंदीत कापलेला बंद काही महिन्यांत ढिला पडतो. घरी शिवणाऱ्या बायका कापड वाचवायला नेमकं हेच करतात. तुमचा शिंपी बंद कुठून कापतो हे एकदा विचारा, त्याचं पाणी कळेल.

आता माझी गरज काय होती ते. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, बेळगावहून बसने जाते-येते. बॅगेत तपासायच्या वह्या, डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, छत्री. 11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून आम्हा बायकांना कर्नाटकच्या साध्या बसला पैसे पडत नाहीत, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. गर्दीतून कंडक्टर "आधार तोरस्री, आधार" करत आला की एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कार्ड निघालं पाहिजे. आधीची बॅग रेक्झिनची, खडेबाजारातून घेतलेली. तिला आत तीन कप्पे आणि कार्ड नेहमी चौथ्याच ठिकाणी. वर्षाच्या आत रेक्झिनचे पापुद्रे निघाले आणि बंदाची शिलाई सुटली. त्यामुळे नवी बॅग घ्यायची की शिवायची असा विचार चाललाच होता.

जीन्सच्या बॅगेची खरी मजा तिच्या खिशांत आहे. अक्कांनी पँटचा मागचा खिसा न उसवता, खालच्या कापडासकट कापून बॅगेच्या दर्शनी भागावर बसवला. आधार कार्ड त्यात उभं राहतं, अंगठा आणि एक बोट घातलं की वर येतं. खिसा घट्ट शिवलेला असतो, तोंडाला दुहेरी टीप असते, पँटवर इतकी वर्षं पाकीट सांभाळलेलं असतं. हात मारून कुणी काढायचं म्हटलं तरी सोपं नाही. पुढचा खिसा मागच्या बाजूला लावलाय, त्यातल्या त्या चिमुकल्या खिशासकट. तो मुळात साखळीच्या घड्याळासाठी असायचा. माझ्या बॅगेत त्यात शाळेच्या कपाटाची किल्ली बसते, अगदी मापाने केल्यागत.

खिशांच्या कोपऱ्यावर तांब्याची बटणं असतात, रिव्हेट. अक्कांनी ती काढली नाहीत, काढली की भोक पडतं. पण त्यांच्या आसपास टीप मारताना मोटर बंद करून चाक हाताने फिरवतात, कारण सुई धातूवर आदळली की टोक उडून डोळ्यात जाऊ शकतं. मी त्यांना सांगितलं की ही रिव्हेटची युक्ती 1873 सालच्या अमेरिकी पेटंटाची, लिव्हाय स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी आणि जेकब डेव्हिस हा शिंपी, दोघांच्या नावावर, आणि डोकं मूळ शिंप्याचं. अक्का म्हणाल्या, "आणि नाव व्यापाऱ्याचं. असंच असतंय." मग सुईत दोरा ओवायला लागल्या.

मी तासभर तिथे बसून शिलाई बघितली, त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅगेच्या तळाच्या कोपऱ्यात जिथे चार-पाच जाड थर एकत्र येतात, तिथे घरच्या मशीनची सुई अडते, टाका सुटतो किंवा दोरा तुटतो. अक्कांनी मशीनखालून दगडी बत्ता काढला, मसाला कुटायचा खलबत्त्यातला असतो तोच. शिलाई पाटावर ठेवली, वर फडकं, आणि ठक ठक ठक. तो उंचवटा चेपून निम्मा झाला. मग सोळाची सुई काढून अठराची घातली, कडेला साबणाची वडी होती तिच्यावरून सुईचं टोक फिरवलं आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका पाडला. वरच्या टिपेला मोहरी रंगाचा दोरा दोन पदरी, एकाच सुईतून, खाली बॉबिनला साधा. असं केलं की टीप पँटसारखी ठसठशीत दिसते. बळ्ळारीच्या युनिटात त्यासाठी वेगळा जाड दोरा आणि वेगळं मशीन असायचं, इथे पायमशीनला मोटर जोडून भागवतात. माझ्या बॅगेच्या चारही कोपऱ्यांत एकही टाका गाळलेला नाही. मी उलटी करून, उजेडात धरून बघितलंय.

बॅगेचं अंग पायांचं आहे. दोन्ही पायांची बाहेरची शिलाई उसवून कापड सपाट केलं, आतली, मांडीच्या बाजूची दुहेरी टीप तशीच ठेवली. ती आता बॅगेच्या मधोमध उभी येते आणि मुद्दाम केलेली नक्षी वाटते. गुडघ्याचा विटका भाग मी कापून टाका म्हणत होते, अक्कांनी तो पुढे घेतला. तिथे आता निळ्यातून पांढऱ्यात उतरणारी जी छटा आलीय ती शाळेतल्या बाईंना विकत आणलेल्या कापडाची वाटते. माप पंधरा इंच रुंद, तेरा उंच, तळ चार इंच. तळाला आतून जाड बकरम, म्हणजे आत घालायचं कडक कापड, म्हणून बॅग बाकावर ठेवली की उभी राहते. रेक्झिनची आडवी पडायची आणि डब्यातली आमटी वह्यांवर यायची. शिक्षक वाचत असतील त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

बंदाच्या आत नवार पट्टी घातलीय. हे मी मागितलं नव्हतं. नुसत्या जीन्सचा बंद चार घड्या घालून शिवला तरी खांद्यावर गुंडाळत जातो आणि दोरीसारखा रुततो. आत नवार असली की सपाट राहतो. बंदाचं टोक बॅगेच्या तोंडाला न जोडता दोन-अडीच इंच खाली आणून चौकट आणि आत फुली अशी टीप मारलीय. बाजारातल्या बॅगा नेमक्या या जागी मरतात. माझी अजून तसूभर हललेली नाही आणि मी तिला दयामाया दाखवत नाही.

अस्तराच्या बाबतीत आमची थोडी झाली. माझ्याकडे गुळेदगुड्डचा एक जुना खण होता, मरून, बारीक नक्षीचा, त्याचं अस्तर घाला म्हटलं. अक्कांनी साफ नाही सांगितलं. खणाचा पन्हा लहान, जोड द्यावा लागतो. शिवाय किल्ल्या, पेन, डब्याचा काठ यांनी तलम कापडाचे धागे ओढले जातात. मी हट्ट केला तेव्हा अर्ध्यावर आल्या. अस्तर जाड पॉपलीनचं, आणि आतला चेनचा कप्पा खणाचा. पैसे काढताना तेवढा मरून रंग चमकून जातो. अक्कांचं बरोबर होतं, हे त्यांना कळवायची गरज नाही.

पैशाचं बोलू. शिलाई साडेतीनशे. अस्तर, चेन, बकरम, नवार, मॅग्नेटचं बटण मिळून एकशेतीस. झाले 480 रुपये. एवढ्यात गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात तयार बॅग मिळते, घासाघीस केली तर वर शंभराची नोट उरतेही. म्हणजे ही बॅग स्वस्त नाही. पण एका बॅगेला बाईचा अख्खा दिवस जातो, अर्धा उसवण्यातच, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मी भाव केला नाही आणि तुम्हीही करू नका. स्वतः उसवून, धुऊन, इस्त्री करून नेलं तर पन्नास कमी करतात. उसवायला ब्लेड वापरू नका, कापड फाटतं. शिलाईच्या दुकानात उसवणी मिळते ती घ्या.

आता तक्रारी.

मुदत हा अक्कांचा प्रांत नाही. दसऱ्याला देते म्हणाल्या, मिळाली दिवाळीत. फोन उचलत नाहीत, सून उचलते आणि "आत्या शिवूलाल्यात" एवढंच सांगते. तीच सून फोनपे घेते, म्हणून ती घरी असेल तेव्हा जायचं, नाहीतर रोख न्यायचे.

चेन हलकी लावली. रनर मधेच अडायला लागला, मेण घासून सुरळीत केला, पण एवढ्या दणकट बॅगेला अशी चेन शोभत नाही. पितळी दात्यांची चेन आपणच आणून दिली तर त्या लावून देतात. पुढच्या वेळी मी तेच करणार.

वजन. रिकामी बॅग किराणा दुकानातल्या काट्यावर 400 ग्रॅमच्या आसपास भरली. रेक्झिनची याच्या निम्मी असेल. मान-खांदा दुखणाऱ्यांनी या बॅगेच्या नादी लागू नये, किंवा अंगाला तिरकी घालायचा लांब बंद करून घ्यावा.

रंग. ह्यांची पँट इतकी धुतलेली होती की त्रास झाला नाही. पण आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझं बघून मुलीची गडद निळी, फार न वापरलेली पँट दिली. पांढऱ्या ड्रेसवर कमरेपाशी निळा पट्टा उमटला. अक्कांनी आधी बजावलं होतं म्हणे. गडद जीन्स द्यायचीच तर शिवण्याआधी पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत धुवून द्या, बॅग झाल्यावर अस्तरासकट धुणं जिवावर येतं.

आणि पाऊस. जुलैत खानापूरकडे जो पाऊस लागतो त्यात छत्री नावापुरती. जीन्सचं कापड पाणी पितं, पितच राहतं, आणि मग सोडत नाही. भिजलेली बॅग पंख्याखाली उलटी टांगली तरी दुसऱ्या दिवशी तळ ओलसर, बकरमला कुबट वास. वह्यांचे कोपरे भिजले ते वेगळंच. अस्तराच्या आत प्लास्टिकचा थर घालता येईल का विचारलं तर अक्का म्हणाल्या, घालते, पण घामटं वास येतंय मग. म्हणून जूनपासून पाऊस सरेपर्यंत मी रेक्झिनचीच एक साधी बॅग वापरते. बारा महिन्यांची एकच बॅग हवी असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चामड्याच्या बंदाची एक गंमतही सांगते. माझ्या नणंदेने अक्कांकडून बॅग शिवली, पण बंद निपाणीकडच्या एका चपला करणाऱ्याकडून आणले. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही आहेत, तेव्हा आपल्या भागात चामड्याचे हात आहेतच. त्या कारागिराने बंदाच्या कडेला वेणी घातलीय, चपलेच्या पट्ट्याला घालतात तशी, आणि निळ्यावर तो मधाळ रंग इतका खुलतो की लग्नाला न्यावी. मात्र बंदांचे पैसे शिलाईपेक्षा जास्त झाले, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी धरली, खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागला. दिसायला तिची बॅग माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली. रोजच्या बसला माझीच बरी.

जायचं तर कधी? मे-जूनला मुळीच नको, तेव्हा सोप्यात युनिफॉर्मचे ढीग असतात आणि अक्का मान वर करत नाहीत. गणपतीच्या आधीही नको. संक्रांतीनंतर काम कमी असतं, तेव्हा वेळ देतात, माप विचारतात, चहाही होतो. पँट पुरुषाची, जाड, बिनलायक्राची, कमीत कमी 34 कमरेची न्या, त्याखाली मोठी बॅग होत नाही, जोड द्यावे लागतात. मांड्यांमध्ये कापड विरलेलं असेल तर चालतं, तो भाग तसाही वापरात येत नाही. पण पायाच्या खालच्या टोकाला घासून जाळी झालेली नको, बंद तिथूनच लांबीत काढायचे असतात. आणि उरलेले तुकडे मागून घ्या. मागितले नाहीत तर अक्का ठेवून घेतात, त्यांची मोबाईलची पाकिटं शिवून सून साठ रुपयांना विकते.